बोदोची पंधरा अंडी: मध्ययुगीन युरोपची साधने वाचायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला मध्ययुगीन युरोपचा पेपर आहे. लॅटिन येत नाही, जुनी फ्रेंच येत नाही. सरंजामशाहीची वैशिष्ट्ये गाईडमधून पाठ झाली आहेत आणि शिक्षक सांगतात, 'मूळ साधने वाचा'. ती वाचायची कशी, सुरुवात कोणापासून करायची आणि त्यासाठी लॅटिन शिकावेच लागेल का?

सुरुवात इंग्लंडच्या इतिहासकार आयलीन पॉवर यांच्यापासून करा. त्यांचे 'मेडीव्हल पीपल' हे पुस्तक 1924 साली आले. आता ते इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीरपणे मिळते. सहा माणसे, सहा प्रकरणे. वाचायला इतके सोपे की अनेक प्राध्यापक ते 'शाळकरी' म्हणून बाजूला ठेवतात. मला वाटते त्यांनी मागच्या टिपा उघडलेल्याच नसतात.

साधने विद्यार्थ्यांपर्यंत आणण्याचे काम इतरांनीही केले, आणि काहींनी प्रमाणाने कितीतरी जास्त. 1890च्या दशकात पेन्सिल्वेनिया विद्यापीठाने मूळ उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे छोट्या पुस्तिकांतून काढायला सुरुवात केली. 1905 मध्ये थॅचर आणि मॅक्नील यांचा जाडजूड संग्रह आला. 1996 पासून पॉल हॉल्सॉल यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेकडो उतारे मोफत ठेवले. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात युरोपच्या इतिहासाचे एकच कपाट असते तिथल्या विद्यार्थ्यासाठी हे केवढे मोठे काम आहे ते वेगळे सांगायला नको. पण उतारा हाती आला की पुढे काय करायचे, हे उतारा सांगत नाही. परिणाम उत्तरपत्रिकांत दिसतो. आधी गाईडमधले वाक्य, मग त्याखाली शोभेला उताऱ्याच्या दोन ओळी. पॉवर यांच्याकडे कागद कसा बोलता करायचा ते बघायला मिळते, आणि कागद गप्प असतो तिथे त्या स्वतः काय करतात तेही.

त्यांच्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. जन्म 1889, मँचेस्टरजवळ अल्ट्रिंकम येथे. शिक्षण केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात. मग एक वर्ष पॅरिसला 'एकोल दे शार्त' मध्ये. ही जुनी कागदपत्रे वाचायला शिकवणारी, दप्तरखान्यांचे जाणकार घडवणारी संस्था. पुढे गर्टनमध्येच अध्यापन. 1920-21 मध्ये अल्बेर कान प्रवासवृत्तीवर भारत, चीन असा प्रवास. 1921 पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि 1931 मध्ये तिथेच आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापक. 1940 मध्ये, वयाच्या 51व्या वर्षी, त्या अचानक गेल्या. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती 1948 मध्ये. ज्या विद्यापीठात त्या शिकल्या आणि शिकवू लागल्या, त्याची रीतसर पदवी त्यांना हयातीत मिळू शकत नव्हती.

आता बोदो. बोदो हा सम्राट शार्लमेनच्या काळातला पॅरिसजवळचा एक शेतकरी. त्याने काही जिंकले नाही, काही लिहिले नाही. तो आपल्याला माहीत आहे याचे कारण एवढेच की त्याचे नाव सँ-जेर्में-दे-प्रे या मठाच्या जमिनीच्या वहीत आले. नवव्या शतकाच्या सुरुवातीला मठाधिपती इर्मिनो यांनी मठाच्या सगळ्या गावांची कुळवार नोंद करून घेतली. कोणत्या गावात कोण कूळ, त्याची बायको कोण, मुले किती, जमीन किती, देणे काय. या वहीचा बराच भाग शिल्लक आहे. 1844 मध्ये बेंजामें गेरार यांनी तो छापला.

बोदोची नोंद मी मराठीत सारांशाने देतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बोदो आणि त्याची बायको एर्मेन्त्रुद, दोघेही मठाची कुळे. त्यांच्याजवळ तीन मुले. बोदोकडे एक 'मुक्त' दर्जाचे खाते. त्यात नांगरटीची जमीन, थोडा द्राक्षमळा, थोडे गवती कुरण. लष्करासाठी चांदीचे दोन सॉलिडस (त्या वेळचे चलन), डुकरे रानात चारण्याबद्दल दोन मापे वाइन. दर तिसऱ्या वर्षी शंभर फळ्या. कुंपणाचे ठरावीक काम. हिवाळी पेरणीला चार पर्च (जमिनीचे एक माप) आणि वसंतातल्या पेरणीला दोन पर्च मठाची जमीन नांगरून द्यायची. दर आठवड्याला दोन दिवस वेठ आणि एक दिवस हातकाम. तीन कोंबड्या, पंधरा अंडी. सांगतील तेव्हा गाडीने वाहतूक. शिवाय एका गिरणीत त्याचा अर्धा हिस्सा, त्याचे आणखी दोन सॉलिडस.

नोंद संपली. महसुली कागदाचा एक परिच्छेद आहे हा, दुसरे काही नाही. आणि पॉवर यांच्या पुस्तकात वसंतातल्या एका सकाळी बोदो लवकर उठतो, कारण कारभाऱ्याची भीती आहे. तो बैल घेऊन मठाच्या शेतावर निघतो आणि थोरला मुलगा विदो पराणी घेऊन बरोबर जातो. एर्मेन्त्रुदही घाईत आहे. आज कोंबड्यांचे देणे द्यायचा दिवस. ती एक पुष्ट कोंबडी आणि पाच अंडी घेऊन मोठ्या वाड्याकडे निघते आणि धाकट्या मुलाला लहानग्या हिल्डेगार्डजवळ बसवते.

इथे थांबा आणि पेन्सिल घ्या. एक कोंबडी आणि पाच अंडी आली कुठून? नोंदीत तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी आहेत. त्याचे तीन सारखे हप्ते केले की एका वेळेला एक कोंबडी, पाच अंडी. मला तरी हिशोब असाच दिसतो. हा तर्क आहे, पण कागदाला धरून केलेला. आता मुलांची नावे बघा. नोंदीत फक्त 'तीन मुले' आहेत. विदो, गेरबर्ट आणि हिल्डेगार्ड या नोंदीतून आलेले नाहीत, ते कथनाच्या सोयीसाठी आहेत. कारभाऱ्याची भीती? तीही नोंदीत नाही. पण त्याच काळात शार्लमेनच्या नावाने निघालेला शाही जमिनींच्या कारभाराचा एक हुकूमनामा आहे. त्यात कारभाऱ्यांनी काय करावे, काय करू नये, बायकांच्या कामघरात लोकर, तागाचे धागे आणि रंग कसे पुरवावेत, हे सगळे कलमवार आहे. एर्मेन्त्रुद वाड्यावर गेल्यावर तिथे विणणाऱ्या बायका दिसतात त्या या हुकूमनाम्यातून आलेल्या आहेत, इर्मिनोच्या वहीतल्या त्या नोंदीतून नाहीत.

असे वाक्यामागून वाक्य उलगडत गेलात की कळते, एका प्रकरणात किती कागद एकत्र शिवलेले आहेत. थंडीवाऱ्यात नांगर धरणाऱ्याची तक्रार अॅल्फ्रिकच्या संवादातली आहे. तो इंग्लंडचा आणि बोदोनंतर जवळपास दोनशे वर्षांनी लिहिणारा. मधमाश्यांना घरी परत बोलावण्याचा मंत्र जर्मनीतल्या लॉर्शच्या मठातल्या हस्तलिखितात सापडलेला. रविवारी कोणती कामे बंद, याची यादी राजाच्या फर्मानातली. ऑक्टोबरात सँ-देनीला भरणारी जत्रा मात्र खरोखरच पॅरिसजवळची, बोदोला पायी जाता येईल अशी.

हे योग्य आहे का? माझे मत सांगतो: वर्गासाठी उत्तम, प्रबंधासाठी धोक्याचे. इंग्लंडचा नांगऱ्या, ऱ्हाइनकाठचा मधमाशीचा मंत्र आणि पॅरिसचा कुळवार पट एकाच माणसाच्या अंगावर चढवले की 'मध्ययुगीन शेतकरी' नावाचा एक सरासरी माणूस तयार होतो, जो कुठेच राहत नव्हता. पॉवर यांना हे माहीत होते. म्हणूनच कोणता तपशील कुठला ते टिपांत आहे. लपवाछपवी नाही. तुम्ही टिपा न वाचता पुस्तक वाचलेत तर दोष तुमचा.

त्या वहीविषयी आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा लवकर कळते. ज्याने पेशवाईतले गावचे कागद थोडे जरी चाळले आहेत त्याला आकारणी आणि वसुली यांतला फरक सांगावा लागत नाही. इर्मिनोची वही ही आकारणी आहे. बोदो काय देणे लागतो ते तिच्यात आहे. त्याने प्रत्यक्षात काय दिले, दुष्काळाच्या वर्षी काय सूट मिळाली, मुलगा आजारी होता म्हणून आठवड्याची वेठ चुकली तर काय झाले, यातले काहीही नाही. मालकाच्या हक्कांची यादी वाचून कुळाचे आयुष्य सांगायचे तर मधली दरी कशाने तरी भरावी लागते, आणि ती दरी दिसत राहील याची काळजी घ्यावी लागते. तुमच्या उत्तरात 'नवव्या शतकातील शेतकरी आठवड्यातून तीन दिवस मालकासाठी राबत असे' असे वाक्य आले तर मी त्याला अर्धेच गुण देईन. 'सँ-जेर्मेंच्या वहीनुसार बोदोकडून दर आठवड्याला दोन दिवस वेठ आणि एक दिवस हातकाम येणे होते' असे लिहिलेत तर पूर्ण. दुसऱ्या वाक्यात गाव आहे, कागद आहे आणि 'येणे होते' आहे.

त्याच वहीतून पुढच्या पिढ्यांनी वेगळेच काही काढले. 1970च्या दशकात अभ्यासकांनी तिच्यातल्या मुलामुलींची संख्या मोजली आणि मुली इतक्या कमी का, असा प्रश्न विचारला. मुली मारल्या जात होत्या की लिहिणाऱ्याने त्यांना मोजलेच नाही, यावर बराच वाद झाला. पॉवर यांना तो प्रश्न पडला नव्हता. त्यांना एक घर उभे करायचे होते.

दुसरे प्रकरण मार्को पोलोचे. पुस्तकात ते मला सगळ्यात कमी आवडते, कारण पोलो आधीच प्रसिद्ध होता, त्याला पॉवर यांची गरज नव्हती. व्हेनिसचे वर्णन सुंदर आहे, पण साधन कसे वाचावे याचा धडा त्यात फारसा नाही. तरी कोकणातल्या आणि ठाण्या-मुंबईकडच्या विद्यार्थ्यांना मी एक वेगळी वाट सुचवतो. पोलोच्या वृत्तान्तात ठाण्याच्या राज्यावर एक छोटे प्रकरण आहे. तिथून कातडे आणि सुती कापड बाहेर जाते, असे तो सांगतो. समुद्रावरचे चाचे आणि राजा यांच्यात समझोता आहे, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा, हेही सांगतो. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1321 मध्ये, ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार धर्मोपदेशक मारले गेले. पोर्देनोनेचा ओदोरिक हा त्याच पंथाचा प्रवासी पुढे तिथे आला. त्याने त्यांच्या अस्थी उचलल्या, थेट चीनपर्यंत नेल्या आणि ती हकीकत सांगितली. एकच बंदर, एक साधन व्यापाऱ्याचे आणि एक हौतात्म्याची कथा सांगणाऱ्याचे. दोन्हींची हेन्री यूल यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे एकोणिसाव्या शतकातली असल्याने मोफत उपलब्ध आहेत. शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणाला काय दिसले आणि कोणाला काय दिसलेच नाही, याची यादी करा. सेमिनारचा पेपर तयार.

तिसरे प्रकरण मात्र सावकाश वाचायचे. मादाम एग्लेंतीन ही चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातली मठाची प्रमुख: नाजूक जेवणारी, रुंद कपाळाची, भाजलेले मांस आणि दूध-पाव खाणारी लाडकी कुत्री बाळगणारी, अंगावर सोन्याचा ब्रोच. साहित्यातले पात्र इतिहासाचे साधन म्हणून वापरायचे तर त्याला पुरावा काय? पॉवर यांनी ते पात्र बिशपांच्या दप्तरांना ताडून बघितले. बिशप आपल्या प्रांतातल्या मठांना तपासणीसाठी भेट देत. प्रत्येक ननला एकेकटे बोलावून विचारत. कारकून तक्रारी लिहून घेई. मग बिशप आज्ञापत्र पाठवी: हे थांबवा, ते सुधारा. 1387 मध्ये विंचेस्टरचा बिशप विकम याने रॉमसीच्या मठाला लिहिले की नन प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये पक्षी, ससे, शिकारी कुत्रे असले प्राणी आणतात, ते बंद व्हावे. चॉसर त्याच सुमाराला लिहीत होता. त्याने कुत्री हवेतून काढली नव्हती.

अशा साधनांची गंमत आणि अडचण एकच: ती चुका शोधण्यासाठी तयार झालेली आहेत. जिथे सगळे सुरळीत तिथे ननने 'सर्व ठीक' एवढेच सांगितले आणि कारकुनाने तेवढेच लिहिले. जिथे भांडण तिथे पाने भरली. निव्वळ या दप्तरांवरून मठजीवन रंगवले तर प्रत्येक मठ कुचाळक्यांचा अड्डा वाटेल. पोलीस ठाण्याच्या डायऱ्यांवरून एखाद्या गावाचा इतिहास लिहिण्यासारखे आहे ते. शिवाय 'सर्व ठीक' चा अर्थही नेहमी सरळ नसतो. प्रमुखबाईंच्या धाकानेही तेच उत्तर येते. या विषयावरचा पॉवर यांचा मोठा ग्रंथ 1922 चा, इंग्लंडमधल्या ननांच्या मठांवर, सातशेहून अधिक पानांचा. तिथे त्या या पूर्वग्रहाशी सविस्तर झगडतात. छोट्या प्रकरणात झगडा कमी आणि मौज जास्त आहे.

मौज किती, त्याचा एक नमुना. पोप आठवे बोनिफेस यांनी तेराव्या शतकाच्या अगदी अखेरीस आज्ञा काढली की ननांनी मठाबाहेर पडूच नये. लिंकनचे बिशप डाल्डर्बी 1300 मध्ये ती वाचून दाखवायला मार्कयेटच्या मठात गेले. वाचून परत निघाले तर काही नन फाटकापर्यंत मागे धावल्या, ते आज्ञापत्र त्यांच्या डोक्यावर फेकले आणि हे आम्ही पाळणार नाही म्हणून सांगितले. ही गोष्ट आपल्याला कळते ती बिशपच्याच नोंदवहीतून, कारण त्याने पुढे शिक्षा केली. आता यावरून काय लिहाल? 'मध्ययुगीन स्त्री दबलेली होती' लिहाल की 'स्त्रिया बंडखोर होत्या' लिहाल? दोन्ही घाईचे आहे. कागदावरून सुरक्षितपणे एवढे म्हणता येते की आज्ञा निघाली, एका ठिकाणी तिला उघड विरोध झाला, आणि पुढची दोनशे वर्षे बिशप तीच आज्ञा पुन्हापुन्हा पाठवत राहिले. तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. एखादा नियम वारंवार बजावला जातो तेव्हा तो पाळला जात नसण्याची शक्यता मोठी असते. एवढा एक धागा पकडून अख्खे उत्तर लिहिता येईल.

चौथे साधन पॉवर यांनी नुसते वापरले नाही, त्याचे इंग्रजी भाषांतरही केले, 1928 मध्ये. 1393च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क, सुखवस्तू गृहस्थाने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी लिहिलेले हे पुस्तक. प्रार्थना कशी करावी, नवऱ्याशी कसे वागावे, नोकर कसे ठेवावेत, बागेत काय लावावे, पिसवा कशा घालवाव्यात, मेजवानीला काय रांधावे, सगळे त्यात आहे. म्हातारबुवांना पक्के माहीत आहे की आपण आधी जाणार आणि ही दुसरे लग्न करणार. त्यांची काळजी अशी की दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याच्या शिकवणीला नावे ठेवू नयेत. वाचताना हसू येते आणि त्याच पानावर अस्वस्थही व्हायला होते.

पॉवर यांचे भाषांतर छान वाचले जाते, पण ते संक्षिप्त आहे. लांबलचक बोधकथा आणि काही भाग त्यांनी गाळले, आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर यायला 2009 उजाडले. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोणत्याही आवृत्तीला हा प्रश्न विचाराच: काय गाळले? इथे गाळलेला भाग बहुतेक आजच्या वाचकाला कंटाळवाणा वाटणारा उपदेश आहे. साहजिकच उरलेल्या पुस्तकातले म्हातारबुवा मुळापेक्षा थोडे अधिक लाघवी दिसतात. जुन्या भाषांतरांत कधी शृंगारिक, कधी धर्माला अडचणीचे, कधी नुसते रटाळ गाळलेले असते. फोर्डमच्या संकेतस्थळावरची बरीच भाषांतरे एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत, कारण त्यांच्यावर मालकीहक्क उरलेला नाही. ती वापरा, पण भाषांतराचे वर्ष तुमच्या टिपेत लिहा.

शेवटची दोन माणसे लोकरीच्या आणि कापडाच्या धंद्यातली. कॉगेशॉलचा कापडवाला टॉमस पेकॉक 1518 मध्ये वारला. त्याचे मृत्युपत्र आणि त्याचे कोरीव लाकडाचे घर हीच मुख्य साधने. घर अजून उभे आहे. वास्तू कशी वाचावी यासाठी हे प्रकरण बघा, आणि आपल्याकडचा एखादा जुना वाडा तसाच वाचून बघायला हरकत नाही. टॉमस बेट्सन हा इंग्लंडची लोकर समुद्रापलीकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले बंदराला नेऊन विकणाऱ्या व्यापारी मंडळाचा सभासद. त्याची पत्रे स्टोनर घराण्याच्या कागदांत सापडली. 1 जून 1476 ला तो कॅलेहून आपल्या तेरा-एक वर्षांच्या वाग्दत्त वधूला, कॅथरिनला लिहितो: जेवत जा म्हणजे लवकर मोठी होशील, माझ्या घोड्याला नमस्कार सांग आणि त्याच्या वयातली चार वर्षे तुला दे म्हणावे, मी परत आल्यावर माझ्यातली चार त्याला देईन. पत्राच्या शेवटी, घड्याळाचे ठोके पडलेत, सगळे जेवायला गेलेत आणि खालून मला हाका मारताहेत, असेही आहे. एका ओळीत व्यापाऱ्याचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले.

पॉवर यांचे मोठेपण मला त्या पत्राच्या निवडीत दिसते. तेच दप्तर हाती असलेल्या दुसऱ्या कोणी लोकरीचे भाव, कर्ज, हुंडणावळ यांवर लेख लिहिला असता. पॉवर यांनाही ते लिहिता येत होते. 1939 मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी फोर्ड व्याख्याने दिली ती इंग्लंडच्या लोकर व्यापारावरच, आणि त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर 1941 मध्ये निघाले. पण या प्रकरणात भाव आणि जहाजे प्रेमपत्राच्या आडून येतात. वाचणाऱ्याला कळतही नाही की त्याला व्यापारी मंडळाची रचना शिकवली जाते आहे. धाकटी बहीण ऱ्होडा हिच्याबरोबर त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली आणि बीबीसीवरून शाळांसाठी इतिहासाचे कार्यक्रम केले. दुसऱ्या टोकाला, आर्थिक इतिहासकार टॉनी यांच्यासोबत ट्यूडर काळाच्या आर्थिक कागदपत्रांचे तीन खंड संपादित केले, तेही 1924 मध्येच. लहान मुलांसाठी लिहिणे आणि कागदांचे रुक्ष खंड काढणे ही दोन कामे एकाच टेबलावर चालली होती. आपल्याकडे राजवाड्यांनी साधनांचे बावीस खंड छापले. ते खंड वाचायचे कसे, हे शाळेतल्या पोरांना सांगणारे पुस्तक मात्र मी अजून शोधतो आहे.

दोष? आहेत. त्यांची माणसे फार प्रसन्न आहेत. बोदो कष्टी असला तरी जत्रेत रमतो, नन भांडतात ते गमतीने, व्यापारी प्रेमळ. रोगराई, उपासमार, ज्यूंवरचे हल्ले, उठाव या सगळ्याला सहा प्रकरणांत जागा कमी. प्रस्तावनेत त्या म्हणतात की अगदी सामान्य माणसाचे आयुष्य उभे करण्याइतकी साधनेही पुष्कळदा राजाराण्यांइतकीच असतात. पण सहातला एक शेतकरी सोडला तर बाकीचे बऱ्यापैकी सुखवस्तू आहेत. ज्याच्याकडे पत्रे, मृत्युपत्र, टिकणारे घर, तोच मागे उरला. हे त्यांच्या निवडीइतकेच साधनांचेही दुखणे आहे.

तर करायचे काय? पहिले प्रकरण वाचा. मग बोदोची मूळ नोंद समोर ठेवा. ती पुस्तकाच्या टिपांत भाषांतरासह आहे. प्रकरणातल्या प्रत्येक तपशिलापुढे समासात लिहा: नोंद, दुसरा कागद, तर्क, की कल्पना. दोन संध्याकाळी जातील. त्यानंतर गाईड उघडलेत तर त्यातल्या प्रत्येक वाक्याला 'हे कुठल्या कागदात?' असे विचारावेसे वाटेल आणि गाईडकडे उत्तर नसेल.

राहिला लॅटिनचा प्रश्न. एम.ए.च्या पेपरसाठी नको. पीएच.डी. याच विषयात करायची असेल तर हवे, सुटका नाही. मधली वाटही आहे. बेट्सनची पत्रे मुळातच इंग्रजीत आहेत, पंधराव्या शतकातल्या. स्पेलिंग विचित्र आहे, पण मोठ्याने वाचले की बहुतेक समजते. किंग्जफर्ड यांनी 1919 मध्ये छापलेली आवृत्ती इंटरनेटवर मिळेल. म्हणजे भाषांतरकाराशिवाय वाचता येईल असे एक अस्सल मध्ययुगीन साधन तुमच्या आवाक्यात आजच आहे. आणि लॅटिनची चव घ्यायचीच असेल तर व्याकरणाच्या पुस्तकाऐवजी गेरारची 1844 ची छापील वही उघडा, तीही स्कॅन केलेली मिळते. महसुली लॅटिन आहे, शब्द थोडे, तेच तेच पुन्हा येणारे: अमुक कूळ, त्याची बायको, मुले इतकी, जमीन इतकी, देणे इतके. बोदोची नोंद भाषांतराला लावून वाचा आणि मग त्याच गावातल्या त्याच्या शेजाऱ्यांच्या नोंदींना हात घाला, त्यांना भाषांतर न घेता.